पथ्य, गोळ्या आणि बाराशे कॅलरी

नाशकात मधुमेहाच्या किंवा बीपीच्या तपासणीला गेलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर आहाराचा छापील तक्ताही हातात असतो. वर १२०० किंवा १५०० असा आकडा, खाली पोळ्या-भाकऱ्या मोजून दिलेल्या, मिसळ आणि चिवड्यावर काट. हा आकडा कुठून आला आणि आधीच चार गोळ्या चालू असलेल्या माणसाला तो कितपत मानवतो, हे तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

कमी खाण्याचा सल्ला आकड्यांपेक्षा पुष्कळ जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्थूल माणसाला पचायला जड पण पोषण कमी करणारं अन्न सुचवलं आहे, म्हणजे पोट भरेल पण मेद वाढणार नाही. चिकित्सास्थानातला विचार तर आजही कामाचा आहे. तिथे प्रमेही, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराचे रुग्ण, दोन प्रकारचे सांगितलेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याला शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, दुसऱ्याला बृंहण, म्हणजे अंग भरेल असं पोषण. ‘शुगर आहे ना, मग जेवण कमी कर’ असं सोसायटीच्या कट्ट्यावर सरसकट सांगणाऱ्यांनी हा दुसरा माणूस कधी लक्षात घेतलेला नसतो.

उपासाची परंपरा आपल्याकडे दांडगी, त्यात नाशिक म्हणजे श्रावणी सोमवारची त्र्यंबकची वाट आणि भगरीच्या गिरण्यांचं गाव. पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० कॅलरी, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या आसपास, वर तूप वेगळं. धार्मिक उपास आणि उष्मांक कमी करणं यांचा संबंध वाटतो तितका जवळचा नाही.

अन्नातला उष्मांक मोजण्याची पद्धत बसवली ती अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांनी, १८९० च्या दशकात. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता ते मोजत. पिष्ट आणि प्रथिनाला ग्रॅममागे ४, स्निग्धाला ९ हा हिशोब त्यांच्याच कामातून आला. आपल्याकडे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली. ही संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आजचे बहुतेक तक्ते तिच्याच आकड्यांवर उभे आहेत.

महाराष्ट्रात मात्र कॅलरीची ओळख झाली ती भरपूर खाणाऱ्यांमुळे नव्हे. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा आखताना माणशी रोज २२५० कॅलरी हा पाया धरला. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या पट्ट्यातल्या आज सत्तरीत असलेल्या माणसांना परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर वाटलेला सुकडी हा कोरडा खाऊ नक्की आठवत असेल. त्या पिढीला ‘कमी खा’ हे औषध म्हणून सांगणं किती विचित्र वाटत असेल, याचा आपण फारसा विचार करत नाही. अर्धं आयुष्य ताट भरण्यात गेलं, आता तेच ताट मोजायचं.

आणि शरीरालाही त्या टंचाईची आठवण असते, असं मानायला आधार आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती, कमी होता तो स्नायू. म्हणून आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूसही मधुमेही निघतो, आणि म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३ पासूनच जादा वजन धरतात. अशा माणसाने आंधळेपणाने कॅलरी तोडल्या तर आधी झडतो तो आधीच तोकडा असलेला स्नायू.

मधुमेहात उपासमार हेच उपचार होते, असाही एक काळ होऊन गेला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न मिळेना, आणि बूशार्दा या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर उतरली आहे. १९१४ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये फ्रेडरिक ॲलन यांनी त्याची पद्धतच केली. त्यांच्या रुग्णांपैकी एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी ऑगस्ट १९२२ मध्ये टोरंटोला इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा वजन होतं जेमतेम २० किलो. नव्यानेच सापडलेलं इन्सुलिन तिला मिळालं आणि ती १९८१ पर्यंत जगली. ॲलनना क्रूर ठरवणं सोपं आहे, पण औषध येईपर्यंत मूल जिवंत ठेवायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तेव्हा पथ्य आधी होतं, औषध नंतर आलं. आज नेमकं उलट झालं आहे. माणूस दहा-पंधरा वर्षं गोळ्या घेतो, गोळीचा डोस त्याच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो आणि मग एखाद्या सोमवारपासून तो जेवण निम्मं करतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. ते खंगले, चिडचिडे झाले, त्यांना दिवसरात्र खाण्याचेच विचार सुचू लागले. ती धट्टीकट्टी चालती-फिरती पोरं होती, बैठ्या कामाच्या पन्नाशीतल्या माणसाशी थेट तुलना नको. तरी बाराशेचा तक्ता हसत हसत वाटणाऱ्यांनी हा आकडा माहीत करून घ्यावा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतच निव्वळ द्रवरूप प्रथिनांवर वजन उतरवण्याची लाट आली आणि पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले. अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते.

कमी उष्मांकाच्या आहाराला पुन्हा मान मिळाला तो ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीने. तिचे निकाल २०१७ मध्ये आले. ३०६ जण, त्यातल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींची सूप आणि शेक. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह गोळीविना आटोक्यात होता, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ४ टक्क्यांचा. दोन वर्षांनी ४६ चे ३६ उरले. हे आकडे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर खूप फिरले. त्याच सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांची ‘दोनदाच जेवा’ मोहीम जोरात होती, त्यामुळे जमीन तयारच होती. दीक्षितांच्या पद्धतीत कॅलरी मोजायच्याच नसतात, दोन वेळा ५५-५५ मिनिटांत जेवण आटपायचं असतं. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची खिचडी झाली.

या फिरवाफिरवीत चाचणीतले दोन तपशील गळाले. मधुमेह सहा वर्षांहून जुना असलेले, इन्सुलिनवर असलेले आणि मूत्रपिंड बरंच बिघडलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. शिवाय शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थांबवल्या होत्या.

हा दुसरा तपशील का महत्त्वाचा, ते गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या की कळतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण निम्मं केलं आणि गोळी तीच राहिली की घाम फुटतो, हात थरथरतात, शुगर लो होते. नुसत्या मेटफॉर्मिनवर हे सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झालं आणि घरोघरी पोहोचलं. ते साखर लघवीवाटे काढतं, पण पिष्टमय अन्न एकदम तोडलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मशीनवर १६० दिसतंय म्हणून मळमळीकडे दुर्लक्ष करू नये. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर खाणं कमी होताच अंगातलं मीठ-पाणीही उतरतं. एप्रिलच्या उन्हात सकाळी रिकाम्या पोटी गोदाकाठी फिरायला निघालेल्याला उठता-बसता चक्कर येते ती यामुळेही.

मूत्रपिंडाचं गणित आणखी वेगळं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेल्याने पोळी सोडून प्रथिनाची पावडर सुरू करणं जोखमीचं. त्याच्यासाठी उपासाचं ताटही निरुपद्रवी नसतं. बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं, सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, आणि बिघडलेल्या मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही. जास्त बीपी म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं असेल, तर त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं.