कारल्यासाठी बावीस वर्षं

बाजारातून आणलेल्या पाव किलो कारल्यांत एखादं वाकडं निघतंच. एका अंगाने फुगलेलं, दुसऱ्या अंगाने आक्रसलेलं, आणि आक्रसलेल्या जागी सुई टोचल्यासारखा तपकिरी ठिपका. चिरलं की आतला गर पिवळट, पाणचट झालेला आणि त्यात पांढऱ्या अळ्या. ते तसंच ताटात राहू दिलं तर पूर्ण वाढ झालेली एखादी अळी अंगाचं कडं करते, तोंडाने स्वतःचं शेपूट पकडते आणि सोडते. त्या झटक्यासरशी ती टुणकन उडून ओट्यावर पडते. शेतात अशीच उडी मारून ती फळातून मातीत जाते आणि तिथे कोश करते. आपण कारलं फेकून देतो आणि उरलेल्यांची भाजी फोडणीला टाकतो.

ही फळमाशी. कारलं, दोडका, काकडी, पडवळ, भोपळा, म्हणजे वेलावर जे लागतं ते तिला चालतं. शास्त्रीय नाव झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. बरेच अभ्यासक तिचं मूळ घर भारतीय उपखंड मानतात. आपल्याकडे ती इतकी जुनी आहे की तिच्यासकट शेती करणं आपण शिकून गेलो आहोत. जपानने मात्र या एका माशीला आपल्या बेटांवरून हुसकून लावण्यासाठी बावीस वर्षं खर्ची घातली. परदेशातून येताना विमानतळावर पिशवीतली फळं काढून घेतली की आपल्याला राग येतो. त्या नियमामागे काय असतं हे या हकिगतीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

जपानच्या दक्षिण टोकाला, तैवानच्या दिशेने, ओकिनावाची बेटं माळेसारखी पसरली आहेत. हवा उष्ण आणि दमट. तिथे कारल्याला ‘गोया’ म्हणतात आणि टोफू-अंड्याबरोबर परतलेली गोयाची भाजी हे तिथलं घरोघरचं जेवण. १९१९ साली या माळेच्या पार दक्षिणेकडच्या याएयामा बेटांवर फळमाशी सापडली. पुढची पन्नास वर्षं ती बेटामागून बेट पार करत उत्तरेला सरकत राहिली. १९७० मध्ये कुमे बेटावर दिसली, १९७२ मध्ये ओकिनावाच्या मुख्य बेटावर.

१९७२ हे साल ओकिनावासाठी मोठं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेली ही बेटं १५ मे रोजी पुन्हा जपानची झाली. माणसांना मुख्य भूमीवर जायला पासपोर्ट लागेनासा झाला, पण कारल्याला मात्र बंदी कायम राहिली. जपानच्या वनस्पती संरक्षण कायद्यानुसार माशी असलेल्या बेटांवरून वेलवर्गीय फळं माशी नसलेल्या भागात नेता येत नव्हती. देश आपला, चलन आपलं, आणि आपल्याच शेतातलं कारलं टोकियोच्या बाजारात नेता येत नाही. बेटावरच्या शेतकऱ्याला हे किती लागलं असेल!

पण नियम करणाऱ्यापुढेही दुसरा रस्ता नव्हता. मादी आपली टोकदार नळी सालीत खुपसून आत अंडी घालते. अंडं मिलिमीटरभर लांब, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. नुकतीच अंडी घातलेलं फळ बाहेरून हिरवंगार, ताजं, निर्दोष दिसतं. पेटीतलं प्रत्येक कारलं चिरून बघणं शक्य नाही, आणि न चिरता कळत नाही. म्हणून संशयाचा फायदा फळाला देता येत नाही. खुल्या जमिनीवर कीड आज ना उद्या सरकत येतेच, बेटाभोवती मात्र समुद्राचं कुंपण असतं. कीटकाला ते स्वतःहून ओलांडणं अवघड, माणसाच्या पिशवीतून मात्र सहज जमतं. सगळी दक्षता त्या पिशवीवर येते ती त्यामुळेच.

बंदी उठवायची तर माशीच संपवावी लागणार होती. नुसत्या फवारणीने ते होत नाही, कारण माश्या जितक्या विरळ होतात तितकं औषध वाया जातं. शेवटच्या शंभर माश्या साठ चौरस किलोमीटरच्या बेटावर कुठे शोधायच्या? त्यांना शोधण्याचं काम माशीवरच सोपवायचं, ही कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाची. कारखान्यात नर वाढवायचे, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचे आणि रानात सोडायचे. ते माद्यांना शोधून काढतात, जोडी जमते, पण अंडी फुटत नाहीत. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर गुरांच्या जखमांत वाढणारी एक माशी याच मार्गाने संपवली गेली. तिथेही बेटच निवडलं होतं, कारण बाहेरून नवी माशी यायला वाव नव्हता.

या पद्धतीमागचं गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. समजा बेटावर एक लाख रानटी नर आहेत आणि आपण नऊ लाख वांझ नर सोडले. आता दहातली एकच जोडी फळणार. एरवी दर पिढीला माश्या पाचपट होत असतील, तर आता पुढच्या पिढीत लाखाचे पन्नास हजार होतील. पुन्हा तेवढेच नऊ लाख सोडा. आता एकोणिसातली एकच जोडी फळते आणि पन्नास हजारांचे तेरा हजार उरतात. मग साडेनऊशेच्या आसपास. मग पाच. मग कोणी नाही. औषधाचा जोर माश्या घटतील तसा ओसरतो, याचा जोर मात्र माश्या घटतील तसा वाढतो. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा चौथ्या ओळीतला तो ‘पाच’ बघून थक्क झालो होतो.

प्रत्यक्षात काम इतकं सरळ नव्हतं. आधी रानटी माश्यांची संख्या खाली आणावी लागली. त्यासाठी क्यू-ल्यूर हे नराला भुलवणारं रसायन आणि कीटकनाशक एकत्र वापरलं गेलं. आपल्याकडे काकडी-दोडक्याच्या मांडवात टांगलेल्या कामगंध सापळ्यात असतो तोच हा क्यू-ल्यूर. (आंब्याच्या बागेतल्या ‘रक्षक’ सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं. ती माशी वेगळी, तिची आवडही वेगळी.) मग कारखान्यातल्या माश्या. कोशातून बाहेर पडायला दोन-तीन दिवस उरले असताना त्यांना कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा ७० ग्रे इतका मारा द्यायचा. हीच वेळ का? तोवर पाय, पंख, डोळे घडून झालेले असतात आणि पेशींचं विभाजन मुख्यतः जननेंद्रियांत चालू असतं. किरणोत्सार विभागणाऱ्या पेशींनाच सर्वांत जास्त इजा करतो. त्यामुळे माशी उडते, खाते, मादीमागे जाते, फक्त तिचा वंश पुढे जात नाही.

सापळ्यात सापडलेली माशी रानातली की कारखान्यातली हे ओळखायची युक्ती तर मला फारच आवडते. कोशांवर चमकणाऱ्या रंगाची पूड भुरभुरवतात. बाहेर येताना माशी कपाळातली एक पिशवी फुगवून कोशाचं टोक फोडते आणि नंतर ती पिशवी आत ओढून घेते. त्या घडीत रंगाचे कण कायमचे अडकून बसतात. पुढे ती सापळ्यात मेली तरी तिचं डोकं अतिनील दिव्याखाली धरलं की रंग चमकतो. चमकला नाही, तर ती रानटी, आणि काम अजून बाकी आहे.

कुमे बेटावर १९७५ मध्ये वांझ माश्या सोडायला सुरुवात झाली. आधीचा आकडा कमी पडला, तो वाढवावा लागला. १९७८ मध्ये कुमे माशीमुक्त झालं. मग नाहा शहरात आठवड्याला वीस कोटी माश्या तयार करू शकेल असा कारखाना उभा राहिला आणि हेलिकॉप्टरमधून त्या बेटाबेटांवर सोडल्या गेल्या. १९८७ मध्ये मियाको बेटं मोकळी झाली, १९९० मध्ये ओकिनावाचं मुख्य बेट, आणि १९९३ मध्ये, जिथून सगळं सुरू झालं होतं ती याएयामा बेटं. एकट्या ओकिनावा प्रांतात सुमारे ५,३०० कोटी माश्या सोडल्या गेल्या आणि खर्च आला सुमारे १,७०० कोटी येन. त्यानंतर गोया खुल्या रस्त्याने मुख्य भूमीवर गेलं आणि बघता बघता जपानभरच्या स्वयंपाकघरांत रुळलं. आकड्यांच्या जपानी उच्चाराशी खेळून ८ मे हा ‘गोया दिन’ ठरला. कडू कारल्याचा सण!

रताळ्याला मात्र हे भाग्य अजून लाभलेलं नाही. ओकिनावात रताळ्यात शिरणारे दोन जातींचे सोंडे आहेत. म्हणून तिथून मुख्य भूमीकडे निघालेल्या प्रवाशाला कच्चं रताळं नेता येत नाही. रताळ्याच्या गोतातली नाळीची भाजीही नाही. रताळं न्यायचंच असेल तर त्यावर वाफेची प्रक्रिया करावी लागते.

वाफ म्हटलं की आपला हापूस आठवतो. फळमाशीच्या भीतीने जपानने भारतीय आंब्याला वीस वर्षं दार बंद ठेवलं होतं. ते २००६ मध्ये उघडलं, तेही अटीवर. आंबा दमट गरम हवेत ठेवून गराचं तापमान ४७.५ अंशांवर न्यायचं आणि २० मिनिटं तिथेच धरायचं. एवढ्यात अंडी-अळ्या मरतात आणि आंबा शिजत नाही. वाशीला पणन मंडळाचं असं प्रक्रिया केंद्र आहे. बागायतदाराला हा सगळा खटाटोप जाचक वाटतो आणि त्याचा खर्च खरोखरच जड आहे. तरीही ५,३०० कोटी माश्या सोडून मिळवलेली जागा कोणी अर्ध्या डझन आंब्यांसाठी पणाला लावणार नाही, हेही तितकंच खरं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूस बंद केला तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता! त्याच यादीत कारलं, पडवळ, वांगं आणि अळूही होतं, याची फारशी चर्चा झाली नाही. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली, ती वाद घालून नव्हे, तपासणी आणि प्रक्रिया सुधारून. आणि दार उघडं राहिलं तर काय होतं, हे आपल्या मका शेतकऱ्याला विचारावं. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. आता ती दर हंगामाला पोंग्यात बसलेली असते.

ओकिनावातलं कामही १९९३ मध्ये थांबलं नाही. जपानचं पश्चिमेकडचं शेवटचं बेट योनागुनी तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे. त्यामुळे बाहेरून एखादी माशी आलीच तर तिला जोडीदार वांझच मिळावा म्हणून दक्षिणेकडच्या बेटांवर वांझ माश्या सोडणं चालूच आहे. एवढं करूनही २०२४ मध्ये ओकिनावाच्या मुख्य बेटावर तिची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी फळमाशी, झ्युगोडॅकस टाऊ, सापडली. एका जातीचे वांझ नर दुसऱ्या जातीला रोखू शकत नाहीत. २०२५ मध्ये पुन्हा बंधनं आली आणि तपासणी झाल्याशिवाय गोया बेटाबाहेर जाईना. कारखान्यात या नव्या माशीचं पालन सुरू झालं. आणि हौसेने अंगणात वेल लावणाऱ्या घरांना विनंती करण्यात आली, की तूर्त कारलं लावू नका.