पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग आणि थिनर: एअरब्रश दुरुस्तीला आणण्यापूर्वी वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक एअरब्रशांत (हवेच्या दाबाने रंग फवारणारे ब्रश) काहीही मोडलेलं नसतं. नोझलमध्ये रबरासारखा चोथा अडकलेला असतो, एवढंच. सुई मागे ओढली तरी हवा नुसती सुटते, रंग येत नाही. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रंग घट्ट वाटला, म्हणून जरा थिनर टाकलं." कुठल्या रंगात कुठलं थिनर, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

दोन्ही बाटल्यांवर 'ॲक्रिलिक', पण जात वेगळी

ओला असेपर्यंत पाण्याने धुतला जातो म्हणून सगळा ॲक्रिलिक रंग एकच, असा समज होतो. स्केल मॉडेलसाठी, म्हणजे विमानं-गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी, आपण वापरतो त्यात निदान दोन जाती आहेत. वॅलेहोचे मॉडेल कलर आणि मॉडेल एअर हे घराच्या भिंतीला लावायच्या प्लास्टिक पेंटच्या जवळचे. त्यांत बाइंडरचे (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तामियाची एक्स व एक्सएफ मालिका किंवा मिस्टर हॉबीचे ॲक्वियस रंग पाण्यात मिसळतात खरे, पण ते अल्कोहोलसारख्या द्रावकांवर चालतात. झाकण उघडून वास घ्या. तामियाला स्पिरिटसारखा वास येतो, वॅलेहोला जवळजवळ येतच नाही.

आता वॅलेहोच्या रंगात हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं जहाल थिनर) घातलं, तर ते पाण्यात तरंगणारे कण मऊ करून एकमेकांना चिकटवतं. लिंबू पिळल्यावर दूध नासतं तसा रंग एअरब्रशच्या कपातच नासतो, आणि नासलेला रंग सर्वात आधी बसतो तो 0.3 मिमीच्या नोझलमध्ये. आयपीएनेही (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हाच प्रकार होतो, फक्त थोडा हळू. रंग आधी जेलीसारखा होतो, मग त्याच्या गुठळ्या पडतात. तामियात मात्र आयपीए बिनधास्त चालतं. म्हणूनच एका मित्राचं ऐकून दुसऱ्याचा एअरब्रश बंद पडतो. दोघांच्या बाटल्या वेगळ्या असतात.

शंका असेल तर दोन मिनिटांची परीक्षा घ्या. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर रंगाचे दोन थेंब आणि थिनरचे दोन थेंब टाका, टूथपिकने ढवळा आणि थांबा. टाइल तिरकी केल्यावर रंग सलग, सारखा ओघळला तर ठीक. टूथपिकला तार लागली, कडेला दाणे दिसले किंवा रंगावर साय धरली, तर ते मिश्रण कपात जाऊ देऊ नका. एका जातीचा रंग दुसऱ्यात मिसळून छटा बनवायचा मोहही टाळा.

पातळ करताना

आधी थिनर, मग रंग. हा क्रम उलटा झाला की घट्ट रंग कपाच्या तळाशी, थेट सुईभोवती जाऊन बसतो. वर कितीही ढवळलं तरी तो तिथून हलत नाही. त्याहून बरं म्हणजे वेगळ्या छोट्या कपात मिसळून मगच ओतणं.

मॉडेल एअर मुळातच एअरब्रशसाठी पातळ केलेला असतो; दहा थेंबांना दोन-तीन थेंब थिनर पुरतं. मॉडेल कलर हाताच्या ब्रशसाठी आहे, त्याला साधारण निम्म्यास निम्मं लागतं. तामियाला रंगाच्या एका भागाला एक ते दीड भाग. ही प्रमाणं सुरुवातीपुरती धरा. पांढरा आणि पिवळा घट्ट असतात, जुनी बाटली आणखी घट्ट. खरी खूण कपाच्या भिंतीवर दिसते. ब्रशने रंग थोडा वर ओढा; साय काढलेल्या दुधासारखा खाली ओघळून मागे पातळ थर राहिला तर जमलं. पाण्यासारखा लगेच सरकून भिंत स्वच्छ झाली तर फार पातळ, जागीच थांबला तर घट्ट. 1:72 च्या मिग-21 वर घट्ट रंग मारलात तर पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा) भरून जातात, मग वॉश, म्हणजे त्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून सोडायचा पातळ गडद रंग, धरायला जागाच उरत नाही.

दाब 15 ते 20 पीएसआय ठेवा आणि ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना लावा. ट्रिगर सोडलेला असताना काटा जास्त दाखवतो. अंतर 5 ते 8 सेंमी. पहिला थर अर्धपारदर्शक दिसला पाहिजे. एका थरात झाकायला जाल तर ओघळ येणार. प्रायमर मात्र टाळू नका, वॅलेहो उघड्या प्लास्टिकला नीट धरत नाही आणि मास्किंग टेपबरोबर पापुद्रा निघून येतो. टेप लावण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्या.

फवारताना सुईच्या टोकावर रंग सुकणं हा दोष नाही, पाण्याच्या रंगाचा स्वभाव आहे. टोकावरून सतत हवा जाते, पाणी उडतं आणि दाणा तयार होतो. एप्रिल-मेमध्ये तर दर दोन-तीन मिनिटांनी होतं. ओल्या कॉटन बडने टोक पुसा आणि पुढे चला. दाब वाढवू नका, त्याने रंग आणखी लवकर सुकतो. कपात फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग वाहता ठेवणारं द्रावण) एक-दोन थेंब घातले तर मधला वेळ बराच वाढतो. पावसाळ्यात तक्रार उलटी असते: दाबलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन मॉडेलवर थेंब उडतात. मॉइश्चर ट्रॅपमधलं (हवेतलं पाणी अडवणारा भाग) आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा.

सफाईतही तीच चूक

रंगात थिनर बरोबर घालूनही काही ब्रश चोक होऊन येतात. काम संपलं की कपात उरलेल्या वॅलेहोवरच लोक आयपीए किंवा एनसी थिनर ओततात, आणि जे कपात टाळलं ते नोझलमध्ये घडतं. आधी रंग ओतून टाका, कप पुसा, मग साधं पाणी भरून टिश्यूवर फवारा. पाणी नितळ येईपर्यंत, साधारण दोन-तीन कप. त्यानंतरच एअरब्रश क्लीनर. शेवटी मागचा नट सैल करून सुई काढा आणि मागून टोकाकडे पुसा. टोकाकडून मागे पुसलीत तर टोक वाकतं.

नोझलमध्ये रंग सुकलाच, तर फक्त सुटं केलेलं नोझल क्लीनरमध्ये रात्रभर ठेवा. अख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवू नका, रबरी ओ-रिंग फुगतात. आणि नोझलमध्ये टाचणी कधीच घालू नका. तोंड जरा जरी फाकलं तरी फवारा कायमचा एका बाजूला जातो, मग नवं नोझल हाच उपाय. परत घट्ट करतानाही हात हलका ठेवा. त्या बारीक आट्या पाव फेरा जास्त झाला तरी तुटतात.

आम्ही असं का करतो

रंग देताना आम्ही थिनर कुठलं आहे ते विचारतो, काहींना ते जाचक वाटतं. त्यात आमची विक्री आहेच. पण तामिया वापरणाऱ्याला आम्ही स्वतःच सांगतो की 99 टक्के आयपीएवर काम भागतं. वॅलेहोसाठी मात्र त्यांचंच थिनर घ्या. निव्वळ पाण्याने रंग प्लास्टिकवर थेंब धरतो आणि जास्त पाण्याने बाइंडर कमजोर होतो. अडीनडीला पाणीच वापरायचं तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, बोअरचं नको.

चोक झालेल्या नोझलला वॉरंटी लागत नाही आणि सफाईचे पैसे आम्ही घेतो. नासलेला रंग काढायला एका ब्रशमागे तासभर जातो आणि तेवढा वेळ ज्याचं खरोखर काही मोडलं आहे तो ग्राहक थांबतो. नवा एअरब्रश आमच्याकडून घेतलात तर पहिली सफाई तुमच्यासमोर बसून, विनामूल्य करून दाखवतो. त्यासाठी शनिवारी दुपारी या, गर्दी कमी असते.

ब्रश दुरुस्तीला आणताना खोलून आणू नका. जसा बंद पडला तसाच आणा, आणि शेवटचा वापरलेला रंग व थिनर दोन्ही बाटल्या सोबत ठेवा.