रूम घुमतेय की इको येतोय? पॅनेल मागवायच्या आधी हे ठरवा

"मीटिंग रूममध्ये इको येतोय, भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल लावायला किती खर्च येईल?" हा प्रश्न मला ऑफिसच्या ॲडमिनवाल्यांकडून, क्लासवाल्यांकडून, अगदी सोसायटीच्या सेक्रेटरींकडूनसुद्धा येतो. मी उलट विचारतो की इको ऐकू कोणाला येतोय, तुम्हाला की कॉलवर समोर जे आहेत त्यांना, आणि त्यांना तुमचा आवाज खराब ऐकू येतोय की स्वतःचाच आवाज परत येतोय, तर पलीकडे शांतता. कारण ते कोणी विचारलेलंच नसतं. पॅनेलचं कोटेशन मात्र आलेलं असतं, रंगसुद्धा ठरलेला असतो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी, त्यांचे इलाज वेगळे, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की पैसे भिंतीला चिकटवल्यासारखे होतात, अक्षरशः.

रूम घुमणं तुम्हाला माहितीये, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, सामान यायचंय, रिकाम्या हॉलमध्ये बोललात की जे होतं तेच. काच, टाइल्स, पीओपीचं सीलिंग, त्यात मधोमध ग्रॅनाइटचं टेबल, आवाज सगळीकडे आपटत राहतो आणि एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. याचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननी बसवून दिलंय, १८९५ मध्ये त्यांना कॉलेजचा एक घुमणारा लेक्चर हॉल सुधारायला सांगितला तेव्हा ते रात्री शेजारच्या थिएटरच्या सीटवरच्या गाद्या उचलून आणून हॉलमध्ये मांडायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तेच सूत्र आजही चालतं. ६ मीटर लांब, ५ रुंद आणि ३ उंच अशी रूम घ्या, म्हणजे साधारण वीस बाय सोळा, दहा फुटी. सगळे पृष्ठभाग सरासरी १० टक्के आवाज शोषतात असं धरलं तर आवाज ६० डेसिबलनं उतरायला, म्हणजे जवळजवळ विरून जायला, सुमारे १.१५ सेकंद लागतात. बोलण्यासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं. आता भिंतींना हातही न लावता फक्त पीओपी काढून ७० टक्के शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या ग्रिड टाइल्स टाकल्या तर तोच आकडा ०.४७ वर येतो. सरकारी ऑफिससारखं दिसतं म्हणून इंटिरियरवाले या टाइल्सना नाक मुरडतात, पण ऐकायला तेच सीलिंग चांगलं, आणि माझ्यापुरता विषय तिथे संपतो.

सीलिंग बदलता येत नसेल तर माइक तोंडाजवळ आणा. त्याच कोऱ्या रूममध्ये चहूबाजूंनी आवाज घेणारा साधा माइक तोंडापासून अर्ध्या मीटरच्या पलीकडे गेला की त्याला तुमच्या थेट आवाजापेक्षा घुमलेला आवाज जास्त मिळतो. म्हणून काचेच्या केबिनमध्ये सीलिंगला माइक लावून घेणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही, टेबल मोकळं दिसतं एवढं सोडून त्यात काय मिळतं? तोही बरेचदा एसीच्या शेजारी. टेबलावर गूझनेक, म्हणजे वाकवता येणाऱ्या दांडीचा माइक ठेवा, दिसू दे की.

पॅनेल, पडदे, कार्पेट, माइकची जागा हे सगळं या पहिल्या तक्रारीसाठी. इथे तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा समोरच्यांना ऐकू येतो आणि दोष तुमच्याच रूमचा असतो. कॉल न लावता त्याच माइकवर नुसतं रेकॉर्डिंग करा, तरी घुमतंय ना? मग ते हेच.

आता दुसरं, ज्यात सगळे अडकतात.

समजा पुणे आणि नागपूर असा कॉल चालू आहे. नागपूरचे म्हणतात, "आम्हाला आमचाच आवाज परत ऐकू येतोय." लगेच नागपूरचा आयटीवाला धावतो, नागपूरची मशीन रीस्टार्ट करतो, नागपूरचा माइक बदलतो, केबल काढून फुंकर मारून परत लावतो. पुण्यात सगळं व्यवस्थित ऐकू येत असतं, त्यामुळे पुण्याचे आरामात बसून "तुमच्याकडे काहीतरी प्रॉब्लेम आहे हो" असं सांगत असतात. आणि बिघाड असतो पुण्यात. नागपूरचा आवाज पुण्याच्या स्पीकरमधून बाहेर पडला, पुण्याच्याच माइकमध्ये शिरला आणि उलट्या वाटेनं नागपूरला परत गेला. ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याचा दोष नसतो, ज्याला काहीच त्रास नाही त्याच्या रूममध्ये जाऊन बघायचं असतं. अपवाद एकच, तुम्ही स्वतःच फोन आणि लॅपटॉप दोन्हीवरून एकाच मीटिंगला जॉइन झाला असाल तर, तेव्हा तुमचाच आवाज एकातून जाऊन दुसऱ्यातून बाहेर येतो.

हे पटत नसेल तर हिशोब करा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला १७-१८ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात तो मूळ आवाजातच मिसळून जातो, कानाला वेगळा कळतच नाही. शब्द सुटा, पाव सेकंदानं परत ऐकू यायला आवाजाला ८५ मीटर फिरून यावं लागेल. वीस फुटी रूममध्ये हे होणार कसं, त्यासाठी विजापूरचा गोल घुमट लागतो. म्हणजे कॉलवर "हॅलो" म्हटल्यावर क्षणभरानं स्पष्ट दुसरं "हॅलो" आलं तर ते भिंतीवरून आलेलं नाहीच, ते नेटवर्कवरून जाऊन परत आलंय, कारण एवढा उशीर फक्त तिथेच होतो. एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्याला चालतो असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे, आणि जाऊन-येऊन तो ३०० होतो. स्वतःचा आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरानं कानात पडला की माणूस अडखळायलाच लागतो, कितीही सराईत वक्ता असू दे. म्हणून या तक्रारीत लोक चिडतात, आणि घुमण्याच्या तक्रारीत नुसते कंटाळतात.

ताळा करायला मोठं यंत्र लागत नाही. ज्याला स्वतःचा आवाज येतोय त्यानं बोलत राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून म्यूट व्हायचं. कोणाच्या म्यूटबरोबर इको थांबला ते बघा, तीच रूम. आणि कृपा करून "हॅलो हॅलो चेक" करत माइकवर टिचक्या मारू नका, त्यातून काही कळत नाही.

रूम सापडली, आता तिथे काय बिघडलंय? खरं तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरणारच, एकाच खोलीत दोन्ही आहेत, त्याला इलाज नाही. तो परत जाऊ नये म्हणून मध्ये इको कॅन्सलर असतो, साउंडवाले त्याला एईसी (अकूस्टिक इको कॅन्सलर) म्हणतात. याचं मूळ बेल लॅब्जमधलं, सॅटेलाइटवरून फोन सुरू झाल्यावर ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली येणाऱ्या आवाजाचा उशीर असह्य व्हायला लागला, तेव्हा तिथे स्वतःच स्वतःला जुळवून घेणारे कॅन्सलर तयार झाले. आपल्या बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा पेपर १९६७ चा आहे. तेव्हाची डोकेदुखी टेलिफोनच्या लाइनमधल्या इकोची होती, पण तीच युक्ती खोलीलाही लागू पडली. स्पीकरला जो आवाज जातोय त्याची एक प्रत एईसीला मिळते, तिला रेफरन्स म्हणतात. हा आवाज या खोलीतून फिरून माइकमध्ये कसा पोचेल याचा अंदाज एईसी सतत बांधत असतो आणि माइकच्या सिग्नलमधून तेवढा वजा करतो. कॉल सुरू झाल्यावर पहिले दोन-चार सेकंद किंचित इको येऊन थांबतो तो यामुळेच, त्याचा अंदाज बसायचा असतो. तेवढ्याला घाबरू नका.

म्हणजे रेफरन्स नाही तर काहीच नाही. आणि तो तुटतो कसा ते जवळून बघा. टेबलावर चांगला महागाचा यूएसबी स्पीकरफोन आहे, त्याच्या आत स्वतःचा एईसी आहे. कोणीतरी प्रेझेंटेशनसाठी लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय केबल लावतो. विंडोज बरेचदा न विचारता आवाजाचं डिफॉल्ट टीव्हीकडे वळवतं. आता माइक स्पीकरफोनचा, आवाज मात्र टीव्हीतून. स्पीकरफोनच्या आतल्या एईसीला वजा करायला काही मिळतच नाही कारण त्याच्यातून आवाज गेलेलाच नाही, त्याच्या दृष्टीनं टीव्हीतून बोलणारा नागपूरचा माणूस हा रूममध्येच बसलेला कोणीतरी आहे. सगळा भार मीटिंगच्या सॉफ्टवेअरवर पडतो, आणि त्यात टीव्ही चित्राबरोबर आवाजही थोडा अडवून ठेवतो. रूममधल्यांना तर उलट बरं वाटतं, टीव्हीचा आवाज मोठा आहे ना! इलाज फुकट आहे, आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक आणि स्पीकर दोन्हीकडे एकच डिव्हाइस निवडा. टीव्ही बघायला, स्पीकरफोन ऐकायला-बोलायला. पॅनेल विकत घेण्याआधी हे एवढं बघा, बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे उशिरा आलेला माणूस, जो "फक्त स्क्रीन शेअर करतो" म्हणून त्याच रूममध्ये आपल्या लॅपटॉपवरून जॉइन होतो, माइक-स्पीकर दोन्ही चालू ठेवून. एका खोलीत दोन माइक, दोन स्पीकर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. टीम्समध्ये जॉइन होतानाच ऑडिओ न वापरण्याचा पर्याय असतो, तो निवडायचा. नुसतं म्यूट करून पुरत नाही, स्पीकरही बंद हवा.

मोठ्या हॉलमध्ये, जिथे डीएसपी (सगळे माइक-स्पीकर जोडून आवाजावर प्रक्रिया करणारं यंत्र) आणि वेगळे ॲम्प्लिफायर असतात, तिथे बसवणाराच चूक करून जातो. रेफरन्समध्ये फक्त पलीकडून आलेला आवाज आणि व्हिडिओ वगैरेचा आवाज जायला हवा. हे लोक स्पीकरला जाणारं सगळं मिक्स उचलून देतात, त्यात हॉलमधले माइकही असतात. मग एईसी बिचारा समोर बोलणाऱ्या साहेबांचाच आवाज वजा करायला बघतो आणि पलीकडे तो तुटक-तुटक, पातळ जातो. तसंच आवाज कमी-जास्त करायचं बटण रेफरन्स घेतात त्याच्या आधी हवं. ते पुढे ॲम्प्लिफायरवर ठेवलं तर कोणी नॉब फिरवला की बांधलेला अंदाज मोडतो आणि परत जुळेपर्यंत इको येतो. स्पीकर फाटेपर्यंत आवाज चढवणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं, कारण फाटलेला आवाज रेफरन्समध्ये नसतोच, तो वजा कसा होणार. ब्लूटूथ स्पीकर तर मी मीटिंग रूममध्ये ठेवूच देत नाही, उशीर वेगळा, चार्जिंग वेगळं.

आणि एकावर एक दोन एईसी लावले की दुप्पट चांगलं होईल हा गैरसमज. एकानं साफ केलेल्यातून दुसरा परत वजाबाकी करतो, दोन्हीकडचे एकदम बोलले की शब्द गिळले जातात. चांगला डीएसपी असेल तर त्याचाच एईसी ठेवा.

माइक जवळ नेला की कुंई करून शिट्टी वाजते ते तिसरंच, तुमचा आवाज तुमच्याच स्पीकरमधून तुमच्याच माइकमध्ये परत. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलंय. माइकचा गेन, म्हणजे आवाज वाढवायची पातळी, उतरवा, स्पीकर माइकच्या मागून पुढे घ्या, झालं.

एके ठिकाणी मात्र पॅनेलवाल्याचं बरोबर असतं. एईसी खोलीतला आवाज ठरावीक काळापर्यंतच लक्षात ठेवतो, काहींमध्ये १२८ मिलिसेकंद, काहींमध्ये २५६, काहींमध्ये त्याहून जास्त. खोली फारच घुमत असेल तर त्या पुढचं शेपूट वजा होत नाही आणि पलीकडे अंधुक, मागे खेचल्यासारखा इको उरतो. तेव्हा डिव्हाइस एकच आहे, रेफरन्स बरोबर आहे, दुसरा लॅपटॉप नाही, हे सगळं तपासून झाल्यावरही इको उरला असेल तर जरूर सीलिंगकडे बघा. पातळ फोम लावाल तर तो फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातो, स-श मठ्ठ होतात आणि खालचं घुमणं तसंच राहतं, त्यामुळे किमान ५० मिलिमीटर जाडीचं घ्या. आणि अंड्याचे ट्रे दोन्हीपैकी कशावरच चालत नाहीत, पुठ्ठा एवढा पातळ की बोलण्यातला बराचसा आवाज तसाच परत येतो, वर पटकन पेटतो, तेव्हा ते भिंतीवर असतील तर आजच काढा.