न हलणारे विषय : वास्तू, घाट आणि हिमशिखरे यांच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

वास्तू, औद्योगिक बांधकामे आणि डोंगर हे तीन विषय एकाच छायाचित्रकाराच्या कामात आजही वारंवार एकत्र आढळतात. ही सोयरीक सौंदर्यदृष्टीने जुळवली असे वाटते खरे, पण तिच्या मुळाशी एक साधी अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निगेटिव्ह प्रकाशाला इतका सावकाश प्रतिसाद देई की लेन्सचे झाकण काढून काही सेकंद, कधी काही मिनिटे थांबावे लागे. तेवढा वेळ माणूस स्थिर उभा राहत नाही आणि बैल तर नाहीच. देऊळ, पूल आणि कडा मात्र राहतात. शिवाय हा खर्चिक उद्योग पोसण्याची ऐपत आणि गरज प्रामुख्याने सरकारला व रेल्वे कंपन्यांना होती. फ्रान्समध्ये १८५१ साली जुन्या इमारती टिपण्यासाठी सरकारने पाच छायाचित्रकार पाठवले होते. त्यांच्यापैकी एदुआर बाल्दूस १८५५ मध्ये उत्तरेकडील रेल्वेमार्गाचा अल्बम तयार करताना दिसतो.

मुंबई इलाख्यात हे वारे लगेच पोहोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिचे सभासद होती. प्राचीन वास्तूंची नोंद ठेवण्यासाठी नकलाकार चित्रकारांपेक्षा कॅमेरा स्वस्त आणि विश्वासार्ह ठरेल, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांचेही मत झाले होते. त्यानुसार १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांची नेमणूक झाली आणि विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल येथील वास्तू त्यांनी कागदी निगेटिव्हवर टिपल्या. पुढे त्यांना लष्करी कामावर परत जावे लागले व डॉ. विल्यम पिगू यांनी ते काम सुरू ठेवले. १८६६ मध्ये या चित्रांचे भव्य ग्रंथ निघाले तेव्हा त्यांना प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांचा आश्रय लाभला.

उंच इमारत टिपताना कॅमेरा वर रोखला की भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. त्यावर त्या काळी निघालेला तोडगा गवंड्याला सहज कळावा असा आहे : कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवायची आणि फक्त पुढची लेन्सची फळी वर सरकवायची. आजच्या शिफ्ट लेन्समध्ये हेच तत्त्व वापरलेले असते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची, म्हणजे काचेवर ओतायच्या चिकट, ईथरयुक्त द्रावणाची पद्धत बारकावे उत्तम टिपे, पण ती वापरणाऱ्याला प्रयोगशाळाच पाठीवर घेऊन हिंडावे लागे. काचेवर कलोडियन ओतून ती चारी कोपऱ्यांकडे तिरपी करायची, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. कलोडियनमधील ईथर आपल्याकडच्या उन्हात पाहता पाहता उडून जाई, त्यामुळे प्लेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच सुकण्याची धास्ती असे.

डोंगर आणि औद्योगिक बांधकाम ही दोन्ही एकाच जागी पाहायची तर बोरघाट पाहावा. १८५६ मध्ये सुरू झालेले खंडाळ्याच्या घाटातील लोहमार्गाचे काम १८६३ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १,८०० फुटांची चढण, २५ बोगदे आणि तीव्रतम ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट चढ, अशी त्याची मोजमापे होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे नेले, आणि या बांधकामाची छायाचित्रेही काढली. कातळात कोरलेला मार्ग आणि दरीवरचे दगडी पूल यांची अशी नोंद म्हणजे अभियंत्यांच्या हिशेबाचा पुरावा होता. त्याची किंमत नंतर कळते : १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातील एक मोठा पूल कोसळला.

हिमालयात इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न यांनी १८६३ ते १८६६ दरम्यान तीन मोठ्या मोहिमा केल्या. पहिल्या मोहिमेतच काचा, रसायने, तंबू आणि शिधा वाहायला तिसाच्या आसपास हमाल लागले, आणि १८६६ मध्ये त्यांनी १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. गंमत अशी की इंग्लंडच्या तळ्याकाठी घडलेल्या त्यांच्या डोळ्याला हिमालय चित्रासाठी फारसा सोयीचा वाटला नाही, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. हमालांचे कष्ट मात्र त्यांच्या लेखनात बहुधा तक्रारीच्या सुरातच येतात.

या साऱ्या जुन्या चित्रांतले आकाश बहुतेकदा कोरे पांढरे असते. कलोडियन निळ्या रंगाला अतिसंवेदनशील असल्याने शिखर नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. जी उणीव बोर्नच्या पिढीला छळत होती, तीच शंभर वर्षांनी जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने मुद्दाम पत्करली. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे मोठ्या प्लेट कॅमेऱ्याने टिपले, तेही ढगाळ दिवशीच, म्हणजे सावली पडत नाही आणि मागे सपाट करडे आकाश मिळते. एकाच जातीच्या नऊ-पंधरा टाक्या शेजारी शेजारी मांडल्या की नळ, शिड्या आणि रिव्हेट यांतले फरक एकदम डोळ्यांत भरतात. १९९० मध्ये व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेच्या गटात.