न्यूमोनियाचा जंतू आणि धमनीतली खवट चरबी

नवजात बाळाच्या नाळेतलं रक्त तपासलं तर त्यात आयजीएम जातीची प्रतिपिंडं सापडतात. ती आईची नसतात, कारण आयजीएम आईची वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळात येत नाही. लस नाही, संसर्ग नाही, तरी बाळाने ती स्वतःच बनवलेली असतात! यांना नैसर्गिक प्रतिपिंडं म्हणतात. जगात पाऊल टाकण्याआधीच ही तयारी कुणाविरुद्ध?

एक उत्तर धमनीच्या भिंतीत मिळालं. तिथे अडकलेल्या एलडीएल कणांचं, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचं, ऑक्सिडीकरण होतं. तेल जुनं होऊन खवट व्हावं, तसंच. कणाच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना फॉस्फोकोलीनचं डोकं आणि चरबीच्या दोन शेपट्या असतात. ताज्या कणात हे डोकं प्रतिपिंडांच्या लक्षात येत नाही. शेपटीचं ऑक्सिडीकरण झालं, की ते उघडं पडतं. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, असे कण गिळतच सुटतात, चरबीने फुगतात, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. धमनी अरुंद करणारा थर इथूनच धरू लागतो.

अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये संशोधक जोसेफ विट्झटम यांच्या गटाने उंदरांमधून या खवट एलडीएलला चिकटणारं ‘ई०६’ प्रतिपिंड वेगळं केलं. ते चिकटलं की मॅक्रोफेजला कण गिळणं जड जातं. २००० साली त्याची जनुकं वाचली, तर ते ‘टी१५’ निघालं: उंदरांना न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूपासून वाचवणारं, आधीपासून माहीत असलेलं नैसर्गिक प्रतिपिंड. या जंतूच्या भित्तिकेवरही फॉस्फोकोलीनच असतं. मला या साऱ्या कहाणीत हा क्षण सर्वांत विलक्षण वाटतो. पुढे २००३ मध्ये याच गटाने उंदरांना न्यूमोकॉकसची लस टोचली, आणि त्यांच्या धमन्यांतला थर कमी झाला.

माणसांचं काय? नैसर्गिक प्रतिपिंडं बनण्यात प्लीहा या पोटातल्या अवयवाचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या महायुद्धात ती काढावी लागलेल्या ७४० अमेरिकी सैनिकांची पाहणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात न्यूमोनियाचे आणि हृदयविकाराचे, दोन्ही मृत्यू जास्त होते. जोडी सूचक आहे, पण प्लीहा गेल्यावर शरीरात इतरही बरंच बदलतं. त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. फॉस्फोकोलीनविरोधी आयजीएम कमी असलेल्यांत हृदयविकाराचा धोका अधिक दिसतो, हेही अनेक अभ्यासांत आलं आहे. पण ही प्रतिपिंडं कमी म्हणून थर वाढतो, की वाढत्या थराशी झुंजतानाच ती खर्ची पडतात?