मुंग्या, कॅल्शियम आणि ‘सगळं नॉर्मल आहे हो’

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण सापडू लागले; यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. तोवर जीबीएस हे नाव डॉक्टरांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात ते रिक्षावाल्यांच्याही तोंडी झालं. 200 हून अधिक संशयित रुग्ण, दूषित पाण्यावर संशय, ‘पाणी उकळून प्या’ हे रोजचं पालुपद. लक्षणं काय, तर हातापायांना मुंग्या येणं आणि पायांतली शक्ती जाणं. साथ ओसरली. काही जणांच्या पायांतल्या मुंग्या मात्र गेल्या नाहीत.

धायरीतले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ रोज सकाळी बाथरूममध्ये, भिंतीला हात न लावता, चवड्यांवर उभे राहून बघायचे. पाय धरतायत ना? दहादा, वीसदा. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या आणि मग भरून आलेल्या पोटऱ्या हाच नवा पुरावा व्हायचा. न्यूरॉलॉजिस्टनं गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, नसांची तपासणी केली, ‘सगळं नॉर्मल आहे हो’ म्हणून सांगितलं. ते दोन दिवस पुरलं.

याला हेल्थ अँग्झायटी म्हणतात. आपण आजारभय म्हणू. ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे, तिचा मला मनस्वी राग येतो. मुंग्या खऱ्याच असतात. आणि त्या कशा येतात, हे शरीरशास्त्रातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण आहे, तेव्हा जरा दमानं घ्या.

माणूस घाबरला की नकळत जोरजोरात श्वास घेतो. ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, त्यात फारशी भर पडत नाही. पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. हा वायू रक्तात विरघळून आम्ल तयार करतो, म्हणजे तो कमी झाला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं. आता अल्ब्युमिन या प्रथिनाकडे बघा. त्याच्यावर ऋणभारित जागा असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जागा एरवी हायड्रोजन आयनांनी अडवलेल्या असतात. आम्लता घटली की हे आयन जागा सोडतात आणि रिकाम्या जागी रक्तातलं मोकळं कॅल्शियम जाऊन चिकटतं. मोकळं कॅल्शियम चेतातंतूंच्या पृष्ठभागाजवळ राहून सोडियमच्या वाहिन्या सहजी उघडू देत नाही. ते कमी झालं की या वाहिन्या क्षुल्लक कारणानं उघडतात, चेतातंतू आपणहून संदेश सोडू लागतो, आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. गंमत म्हणजे लॅबच्या नेहमीच्या चाचणीत मोकळं आणि चिकटलेलं असं सगळं मिळून कॅल्शियम मोजतात, त्यामुळे रिपोर्ट साफ येतो! रिपोर्ट साफ, मुंग्या चालूच. माणसाला वाटतं, आजार इतका छुपा आहे की सापडतच नाहीये.

खरं जीबीएस वेगळं. त्यात अशक्तपणा काही दिवसांत वाढत जातो. जिना चढताना पाय दगा देऊ लागले तर लेख वाचत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

पण तपासणी होऊन गेल्यावरही भीती पुन्हा का येते? ब्रिटनमधल्या पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या संशोधकांनी 1986 मध्ये बोट ठेवलं ते दिलाशावरच. खाजवल्यावर बरं वाटतं म्हणून आपण आणखी खाजवतो, तसंच हे. ‘काही झालेलं नाही’ हे ऐकून जी सुटका वाटते, तीच पुढच्या वेळी पुन्हा विचारायला लावते. चवड्यांवर उभं राहणं, रात्री दोनला गुगल करणं, बायकोला ‘माझा पाय गार लागतोय का बघ’ म्हणणं, सगळं त्यातलंच. आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढल्यावर बरं वाटतं, तेही याच खात्यात जमा. आणि दृष्ट काढणाऱ्यांना हसणारे ‘फुल बॉडी चेकअप, आज निम्म्या किमतीत’ हा मेसेज आला की लगेच नाव नोंदवतात, त्यांचं काय करायचं?

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, नेमकी इथं हात घालते. तपासणं थांबवायचं, टाळलेल्या गोष्टी करायच्या, भीतीची लाट येऊ द्यायची आणि उत्तर न शोधता ती ओसरेपर्यंत थांबायचं. काही वेळा मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून मुंग्या आणून दाखवतात. (हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गरोदरपण असेल, तर हे घरी करून बघू नये.)

यातला बहुतेक भाग गृहपाठ असल्यामुळे तो ऑनलाइन जमतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 204 रुग्णांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना समोरासमोर बसून 12 आठवडे सीबीटी दिली, उरलेल्यांना इंटरनेटवरून: वाचायचे धडे, करायचे सराव आणि थेरपिस्टशी लेखी निरोप. ऑनलाइन गट मागे पडला नाही, आणि थेरपिस्टचा वेळ प्रत्येक रुग्णामागे आठवड्याला सुमारे 10 मिनिटं लागला, समोरासमोर त्याच्या चौपटीहून जास्त. पण त्या 10 मिनिटांमागे माणूस होता. ‘आमचं ॲप चिंता पळवतं’ अशा जाहिरातींना हा पुरावा लागू होत नाही. ‘हे नॉर्मल आहे ना?’ असं विचारलं की चॅटबॉट हजार वेळा न कंटाळता दिलासा देईल. मुरलेला थेरपिस्ट उलट विचारेल, की हे आत्ताच का विचारावंसं वाटलं?

आपल्याकडे सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. तो 12 आठवड्यांचा कोर्स नव्हे, पण कुणाकडे जावं हे विचारायला चांगली. थेरपिस्ट निवडताना एवढंच विचारा: सीबीटी करता का, आणि गृहपाठ देता का? घरच्यांनाही एक काम असतं, आणि ते अवघड आहे. ‘पाय गार लागतोय का’ या प्रश्नाला हात लावून बघायचं नाही, ‘काही नाही रे’ असंही म्हणायचं नाही. अर्थात हे आधी दोघांनी बसून ठरवायचं, नाहीतर घरात भांडण ठरलेलं.