'न्यूज' म्हणजे चार दिशा नव्हेत

"नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं मिळून न्यूज हा शब्द झाला," असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो. आमच्या गावच्या शाळेतही बातमीफलकाच्या कोपऱ्यात खडूनं दिशाचक्र काढून ही चार अक्षरं लिहिलेली असत. अक्षरं नेमकी जुळतात, म्हणून सहज पटतं.

शब्द मात्र त्याहून साधा आहे. इंग्रजीत 'न्यू' म्हणजे नवं. त्याचंच अनेकवचन 'न्यूज', म्हणजे नव्या गोष्टी. १४व्या शतकाच्या अखेरीपासून तो या अर्थानं सापडतो. फ्रेंचमध्येही बातम्यांना 'नुव्हेल', म्हणजे 'नव्या', असंच म्हणतात. आणि आपल्या वऱ्हाडात कपाशीचा भाव ऐकायला पारावर टेकलेला माणूस "काय नवीन, भाऊ?" असं विचारतो, तेव्हा तो बातमीच मागत असतो.

पडताळायचं असेल तर जुनं स्पेलिंग बघा: एन-ई-डब्ल्यू-ई-एस. चारच दिशा, मग हा दुसरा 'ई' कुठला? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची रीत मुख्यतः २०व्या शतकातली, म्हणजे शब्दाच्या कितीतरी नंतरची. तालुक्याच्या वाचनालयात शब्दांची व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश मिळाला, तर 'न्यूज'चं पान काढा. तिथे 'न्यू' भेटेल, दिशा नाहीत.